इमिप्रामिन आणि शेळीचं यकृत: २९७ चा पीक एका बॅचमध्ये मोठा, दुसऱ्या बॅचमध्ये जवळपास गायब

अमाइनवाला_नागपूर

नमस्कार. एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी टर्शरी अमाइन (तीन कार्बन जोडलेला नायट्रोजन) असलेल्या औषधांचं यकृतातले एन्झाइम काय करतात ते बघून राहिलो. नमुना म्हणून इमिप्रामिन (नैराश्यावरचं औषध) घेतलंय. पद्धत सविस्तर देतो म्हणजे चूक कुठे आहे ते सांगता येईल.

मोमिनपुऱ्यातून शेळीची ताजी कलेजी, थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडने धुतली, चार पट आयतनात होमोजिनाइझ केली, १०,००० जी वर २० मिनिटं फिरवली. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाही, म्हणून वरच्या द्रवात ८ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड टाकून २७,००० जी वर १५ मिनिटं. गोळा (म्हणजे मायक्रोसोम, पेशींच्या पडद्यांचे एन्झाइमवाले तुकडे) ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४) २० टक्के ग्लिसरॉलसह विरघळवून उणे ८० ला ठेवला.

इन्क्युबेशन: प्रथिन ०.५ मिग्रॅ प्रति मिलि, इमिप्रामिन ५० मायक्रोमोलर (मिथेनॉलमधून, शेवटी १ टक्का), मॅग्नेशियम क्लोराइड ३ मिलिमोलर, ३७ अंश. शेवटी एनएडीपीएच (एन्झाइमना इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) १ मिलिमोलर टाकून सुरुवात. २० मिनिटांनी थंड अॅसिटोनायट्राइल टाकून थांबवलं आणि एलसीएमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनवर, लावलं.

पहिल्या बॅचमध्ये वस्तुमान २६७ (डेसिप्रामिन, एक मिथिल निघालेलं इमिप्रामिन) आणि २९७ चे पीक दोन्ही ठळक. दुसऱ्या बॅचमध्ये २६७ जवळपास तेवढाच, पण २९७ दहाव्या हिश्श्यावर. मायक्रोसोम एकाच दिवशी बनवलेले, कुपीही एकाच पेटीतली. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी वीज गेली होती. नळ्या वॉटर बाथमध्ये २० मिनिटं तशाच राहिल्या, वीज आल्यावर एनएडीपीएच टाकलं.

प्रश्न दोन. २९७ नेमकं काय आहे, एन-ऑक्साइड की हायड्रॉक्सी? आणि सोबत नॅश पद्धतीने (फॉर्मल्डिहाइड असलं की पिवळा रंग देणारी चाचणी) फॉर्मल्डिहाइड मोजलं तर ब्लँकसुद्धा (औषध नसलेली नळी) पिवळा का येऊन राहिला?

---

जुना_मायक्रोसोम

भाऊ, पुरावा तुमच्याच पोस्टमध्ये आहे: "वीज गेली, एनएडीपीएच नंतर टाकलं". त्या २० मिनिटांत एक एन्झाइम मेलं आणि दुसरं जिवंत राहिलं.

टर्शरी अमाइनवर मायक्रोसोममध्ये मुख्यतः दोन कुटुंबं काम करतात. सायटोक्रोम पी४५० आणि फ्लेविन मोनोऑक्सिजनेज, म्हणजे एफएमओ. दोघांनाही एनएडीपीएच आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून वरवर सारखेच दिसतात. कामाची रीत मात्र वेगळी.

पी४५० मध्ये आधी औषध येऊन बसतं, मग रिडक्टेजमार्फत एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन एकेक करून येतात, मग लोहावर ऑक्सिजन सक्रिय होतो. हा ऑक्सिजन सहसा नायट्रोजनवर नाही, त्याच्या शेजारच्या कार्बनवर जातो. तिथे ओएच बसला की कार्बिनोलअमाइन तयार होतं. ते टिकाऊ नसतं, आपोआप तुटतं: एका बाजूला एक मिथिल कमी झालेलं अमाइन, दुसऱ्या बाजूला फॉर्मल्डिहाइड. इमिप्रामिन २८१ वरून डेसिप्रामिन २६७, वजनात १४ ची घट. मिथिलऐवजी इथिल असता, लिडोकेनसारखा, तर २८ ची घट आणि अॅसिटाल्डिहाइड मिळालं असतं.

एफएमओ उलट्या क्रमाने चालतं. एनएडीपीएच आधी येऊन फ्लेविनला रिड्यूस करतं, लगेच ऑक्सिजन जोडला जातो आणि हायड्रोपेरॉक्सीफ्लेविन तयार होऊन औषधाची वाट बघत बसतं. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गिअर टाकून, क्लच दाबून उभी असलेली गाडी समजा. इलेक्ट्रॉन सैल असलेला नायट्रोजन किंवा सल्फर समोर आला की ऑक्सिजन थेट त्यावर. टर्शरी अमाइनचं एन-ऑक्साइड होतं, वजन १६ ने वाढतं.

आता विजेचा मुद्दा. एनएडीपीएच बांधलेलं असेल तर एफएमओ उष्णतेत टिकतं, नसेल तर पटकन विस्कटतं. ४५ अंशांवर ५ मिनिटं एनएडीपीएचशिवाय ठेवणं हीच एफएमओ मारायची नेहमीची पद्धत आहे. पी४५० चं त्यात फारसं बिघडत नाही. तुम्ही नकळत तोच प्रयोग केला. ३७ अंशांवर हे सावकाश होतं, म्हणून बाथचं तापमान एकदा काचेच्या थर्मामीटरने तपासा. डिस्प्लेवर ३७ आणि पाण्यात ४२ असं होऊ शकतं, आणि मे महिन्यात खोलीच चाळिशीकडे गेली की बाथला थंड व्हायला वावच उरत नाही, कारण त्याला फक्त गरम करता येतं.

पण उष्णतेने २९७ कमी झाला म्हणजे तो एन-ऑक्साइड, हे अजून सिद्ध नाही. पुढच्या वेळी नळ्या अशा लावा:

पूर्ण मिश्रण. एनएडीपीएच नसलेलं. मायक्रोसोम ४५ अंशांवर ५ मिनिटं, लगेच बर्फात, मग पूर्ण मिश्रण. १-अमिनोबेन्झोट्रायझोल १ मिलिमोलर, एनएडीपीएचसह १५-२० मिनिटं आधी ठेवून, मग औषध. मेथिमॅझोल ०.५ मिलिमोलर. आणि एक नळी पीएच ८.५ ला.

अमिनोबेन्झोट्रायझोल हे आत्मघाती प्रतिबंधक आहे. पी४५० ने आधी त्याचं चयापचय केलं तरच ते पी४५० ला बंद करतं, म्हणून एनएडीपीएच आधी हवं. नुसतं औषधासोबत टाकून "असर नाही" असं लिहिलेले प्रबंध आहेत, त्यांच्या मागे जाऊ नका. त्याच वेळी त्या नळीतलं एफएमओ एनएडीपीएचमुळे सुरक्षित राहतं, हा दुहेरी फायदा. मेथिमॅझोल एफएमओचं स्पर्धक सब्स्ट्रेट आहे, पण काही पी४५० लाही थोडं दाबतं, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. पीएच ८.५ ला एन-ऑक्साइड वाढलं आणि डेसिप्रामिन वाढलं नाही, तर एफएमओकडे आणखी एक बोट.

तयारीबद्दल दोन गोष्टी. कॅल्शियमने पाडलेला गोळा थेट फॉस्फेटमध्ये घालू नका, उरलेल्या कॅल्शियमचा फॉस्फेट गढूळ होऊन बसतो. आधी १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० मिलिमोलर ट्रिसमध्ये ढवळून पुन्हा २७,००० जी ला फिरवा, मगच फॉस्फेट. दुसरं, पित्ताशय खाटकाकडूनच अखंड काढून घ्या. फुटलं तर पित्तक्षार साबणासारखे काम करून पडदे सोडवतात आणि पी४५० चं पी४२० (त्याचं निकामी रूप) होतं. थर्मासमध्ये अख्खी कलेजी टाकू नका. मोठ्या तुकड्याचं पोट तासभर कोमट राहतं. तिथेच बोटभर तुकडे करून बर्फाच्या थंड क्लोराइडमध्ये बुडवून आणा.

---

एलसीएमएस_बुटीबोरी

वरचं सगळं मान्य. २९७ ओळखायला मात्र एन्झाइमच्या नळ्यांची वाट बघायची गरज नाही, तुमच्या जुन्या नमुन्यांतूनच अर्धं उत्तर निघेल.

इमिप्रामिन एन-ऑक्साइड आणि २-हायड्रॉक्सीइमिप्रामिन, दोघांचं वस्तुमान सारखंच. हाय-रिझोल्यूशन मशीन असली तरी फरक दिसणार नाही, सूत्रच एक आहे. तुकडे बघा. ८६ चा तुकडा हा डायमिथिलअमिनोप्रोपिल साखळीचा. २९७ मधून ८६ स्वच्छ मिळाला तर साखळीवर ऑक्सिजन नाही, तो कड्यावर आहे. हायड्रॉक्सीमधून डायमिथिलअमाइन (४५) गळून २५२ दिसेल. एन-ऑक्साइडमधून डायमिथिलहायड्रॉक्सिलअमाइन (६१) गळून २३६ दिसायला हवा.

इथे एक फसवणूक आहे. एन-ऑक्साइड उष्णतेला नाजूक. सोर्सचं (मशीनमध्ये रेणूंना प्रभार देणाऱ्या भागाचं) तापमान जास्त ठेवलं की ऑक्सिजन सोर्समध्येच उडतो आणि २९७ च्या वेळेवर २८१ चा पीक दिसतो. म्हणजे मूळ औषधाचा २८१ दोन वेगवेगळ्या वेळांवर! घाबरू नका, उलट हा एन-ऑक्साइडचा चांगला पुरावा आहे. एपीसीआय प्रकारच्या सोर्समध्ये हे जास्त होतं, ईएसआय प्रकारात सोर्स ३०० च्या खाली आणला की कमी होतं.

वेळही बोलते. आम्लधर्मी मोबाइल फेज आणि सी१८ कॉलमवर हायड्रॉक्सी मूळ औषधाच्या बरंच आधी येतं, एन-ऑक्साइड मात्र सहसा मूळ औषधाच्या जरा नंतर. याचं कारण एन-ऑक्साइड मूळ अमाइनपेक्षा फार कमकुवत बेस आहे, आम्लात त्यावरचा प्रभार कमी.

शेवटचा शिक्का हवा असेल तर टायटॅनियम ट्रायक्लोराइड. नमुन्यात आम्लधर्मी द्रावणाचे काही थेंब, खोलीच्या तापमानाला, मग पुन्हा इंजेक्शन. एन-ऑक्साइड परत २८१ होईल, हायड्रॉक्सी जागेवर राहील. इंजेक्शनआधी सेंट्रिफ्यूज करा आणि पहिली दोन मिनिटं प्रवाह वेस्टला वळवा, नाहीतर टायटॅनियमचा पांढरा थर कोनवर चढतो आणि सफाई तुमच्याच नशिबी.

नमुने अॅसिटोनायट्राइलनंतर वाळवायला गरम नायट्रोजन वापरता का? ४० अंशांच्या वर नेऊ नका. एन-ऑक्साइड त्या वाळवणीतच तुटतं, आणि मग दोष एन्झाइमवर जातो.

आता नॅश. तुमचा ब्लँक पिवळा यायला दोन कारणं तुमच्याच पद्धतीत बसली आहेत. पहिलं मिथेनॉल. १ टक्का मिथेनॉल म्हणजे साधारण २५० मिलिमोलर. त्यातलं थोडंसं जरी कॅटालेज किंवा पी४५० ने ऑक्सिडाइझ केलं, तरी तुमच्या औषधातून येणाऱ्या दहा-वीस मायक्रोमोलर फॉर्मल्डिहाइडचं नावनिशाण उरत नाही. औषध पाण्यात विरघळतं, हायड्रोक्लोराइडच आहे ते. मिथेनॉल कशाला? दुसरं ग्लिसरॉल. एनएडीपीएच असताना मायक्रोसोम ग्लिसरॉलपासूनही फॉर्मल्डिहाइड काढतात. नॅशसाठीचे मायक्रोसोम सुक्रोजमध्ये (०.२५ मोलर) ठेवा.

अभिकर्मक: अमोनियम अॅसिटेट २ मोलर, अॅसिटिक अॅसिड ०.०५ मोलर, अॅसिटिलअॅसिटोन ०.०२ मोलर, ताजं, अंबर बाटलीत. इन्क्युबेशनमध्ये ५ मिलिमोलर सेमिकार्बझाइड ठेवा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड उडून किंवा पुढे ऑक्सिडाइझ होऊन जात नाही. ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिडने थांबवा, फिरवा, वरचा द्रव आणि नॅश समप्रमाणात, ६० अंशांवर ३० मिनिटं, थंड करून ४१२ नॅनोमीटर. गुणांक साधारण ८ प्रति मिलिमोलर सेंटिमीटर. ट्रिस बफर इथे नको, ते स्वतः अमाइन आहे आणि फॉर्मल्डिहाइड पकडून ठेवतं. स्टँडर्ड वक्रातही सेमिकार्बझाइड टाका, नाहीतर रंगाची उतरण जुळत नाही.

---

अमाइनवाला_नागपूर

सर, दोघांचेही आभार. जुने नमुने उघडून पाहिले. २९७ चा मोठा पीक मूळ औषधाच्या नंतर येतो आणि त्याच वेळेवर बारका २८१ आहे. तुकड्यांत २३६ आहे, ८६ फारच कमी. मूळ औषधाच्या आधी आणखी एक छोटा २९७ आहे, त्यात ८६ आणि २५२ दोन्ही. तो दोन्ही बॅचमध्ये सारखाच.

म्हणजे शेळीत एफएमओ-३ (एफएमओचा एक प्रकार) जोरात आहे असं लिहू का? आणि याच मायक्रोसोममध्ये माझी वर्गमैत्रीण डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं औषध) लावून राहिली. मोनोअॅसिटिल डॅप्सोन (एक अॅसिटिल गट जोडलेलं रूप) तिला अजिबात मिळत नाही. तिचे मायक्रोसोम खराब समजायचे का?

---

जुना_मायक्रोसोम

दोन २९७ वेगळे निघाले, उत्तम. नंतरचा एन-ऑक्साइड, आधीचा हायड्रॉक्सी. टायटॅनियमचं इंजेक्शन तरीही करा, प्रबंध तपासणारा विचारणारच.

"एफएमओ-३" मात्र लिहू नका. इमिप्रामिन हे एफएमओ-१ चं आवडतं सब्स्ट्रेट, एफएमओ-३ त्याला फारसं हात लावत नाही. माणसात प्रौढ यकृतातलं मुख्य एफएमओ हे ३ नंबरचं, १ नंबरचं गर्भाच्या यकृतात आणि मोठेपणी मूत्रपिंडात. म्हणून डुकराच्या किंवा उंदराच्या यकृतात दिसलेलं एन-ऑक्साइडचं प्रमाण माणसाला चिकटवता येत नाही. माणसात इमिप्रामिनचं डिमेथिलेशन मुख्यतः सीवायपी२सी१९ (सीवायपी म्हणजे पी४५० चेच प्रकार), सोबत १ए२ आणि ३ए४. कड्यावरचं हायड्रॉक्सिलेशन २डी६. हे क्रमांकही शेळीच्या पीकवर चिकटवू नका. "पी४५० मध्यस्थ" आणि "एफएमओ मध्यस्थ" एवढंच लिहा, तेवढं तुमच्या नळ्या सिद्ध करतात.

आणखी एक. नळ्या बूच लावून ठेवता की उघड्या हलवता? ऑक्सिजन कमी पडला की पी४५० आणि रक्ताचं हीम एन-ऑक्साइडला उलट रिड्यूस करून इमिप्रामिन परत बनवतात. तेव्हा पीक कमी दिसतो, प्रत्यक्षात बनून गेलेला असतो.

रक्ताबद्दल बोललोच तर पी४५० किती आहे तेही मोजा. ४५० आणि ४९० नॅनोमीटरमधला फरक भागिले ९१ केलं की मिलिमोलर मिळतं. ओमुरा आणि सातो यांनी १९६४ मध्ये दिलेला गुणांक आहे. खाटकाच्या कलेजीत हिमोग्लोबिन भरपूर, आणि त्याचा ४२० जवळचा पीक लोक पी४२० समजून बसतात. म्हणून दोन्ही क्युव्हेटमध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडा आणि डायथायोनाइट फक्त एकात टाका. हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखंच राहून वजा होतं. गॅस फ्यूम हूडमध्येच, याला पर्याय नाही.

डॅप्सोनचं मॅडम सांगतील, त्यांचा रोजचा विषय आहे.

---

डॉ_मेडिकल_चौक

तिचे मायक्रोसोम ठीक असतील, नळीत ते एन्झाइमच नाही. अॅसिटिलेशन करणारं एनएटी-२ पेशीद्रवात असतं, मायक्रोसोमच्या गोळ्यात नाही. तुम्ही जो वरचा द्रव ओतून देता, त्यात ते जातं.

तिला १०,००० जी वरचा द्रव, म्हणजे एस९ वापरायला सांगा. कॅल्शियम टाकण्याआधीचा. एनएडीपीएच इथे लागत नाही, अॅसिटिल कोएन्झाइम-ए लागतं, ०.१ ते ०.५ मिलिमोलर. ते लवकर संपतं, म्हणून अॅसिटिल कार्निटीन ५ मिलिमोलर आणि कार्निटीन अॅसिटिलट्रान्सफरेज घालून भरत राहायचं. एन्झाइमच्या सक्रिय जागी सिस्टीनचा सल्फर आहे, तो हवेत ऑक्सिडाइझ होतो. डीटीटी (सल्फरला ऑक्सिडेशनपासून वाचवणारा पदार्थ) १ मिलिमोलर सुरुवातीपासून बफरमध्येच असू द्या.

मायक्रोसोममध्ये डॅप्सोनचं दुसरं काम दिसेल, आणि औषध म्हणून तेच जास्त महत्त्वाचं. पी४५० (माणसात २ई१, २सी९, ३ए४) त्याच्या अमाइनवर ऑक्सिजन बसवून हायड्रॉक्सिलअमाइन बनवतं. लक्षात घ्या, हे अॅरोमॅटिक अमाइन आहे, नायट्रोजनला लागून हायड्रोजन असलेला कार्बनच नाही, म्हणून डिमेथिलेशनसारखी वाट त्याला उपलब्ध नाही. हे हायड्रॉक्सिलअमाइन लाल पेशीत जाऊन हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप) करतं, स्वतः नायट्रोसो होतं, ग्लुटाथायोन त्याला परत हायड्रॉक्सिलअमाइन करतं आणि चक्र पुन्हा सुरू. थोड्या औषधात एवढं मेटहिमोग्लोबिन का होतं त्याचं कारण हेच. विदर्भात कुष्ठरोगाची एमडीटी (अनेक औषधांचा एकत्रित उपचार) वर्षानुवर्षं चालते, प्रौढांना रोज १०० मिग्रॅ डॅप्सोन. ओठ निळसर आणि पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलेला, ऑक्सिजन देऊनही हलत नाही, असा रुग्ण आला तर हे आधी आठवावं. जी६पीडी (लाल पेशींना वाचवणारं एन्झाइम) कमी असलेल्यांत याच मार्गाने लाल पेशी फुटतात. सिमेटिडीन दिलं तर हायड्रॉक्सिलअमाइन कमी बनतं आणि मेटहिमोग्लोबिन उतरतं, अॅसिटिलेशनला धक्का लागत नाही.

प्रयोगशाळेत हायड्रॉक्सिलअमाइन टिकवायचं तर थांबवतानाच अॅस्कॉर्बिक अॅसिड १ मिलिमोलर टाका आणि नमुना त्याच दिवशी मशीनवर लावा. रात्रभर ऑटोसॅम्पलरमध्ये राहिला तर सकाळी काही उरत नाही.

हेच एनएटी-२ आयसोनियाझिडवर चालतं. मंद अॅसिटिलेटरमध्ये (ज्यांचं हे एन्झाइम हळू चालतं) औषध साचतं, हातापायांना मुंग्या येतात, म्हणून पायरिडॉक्सिन सोबत देतात. यकृताचा त्रासही या गटात जास्त. क्षयाच्या वॉर्डात दोन रुग्णांना सारखाच डोस देऊन एकाला त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही, यामागे बऱ्याचदा हे एन्झाइम असतं.

"मायक्रोसोममध्ये काही झालं नाही म्हणजे औषध स्थिर" हा समज नायट्रोजनच्या औषधांत सर्वांत महाग पडतो. आणखी दोन एन्झाइम याच कारणाने निसटतात. अॅल्डिहाइड ऑक्सिडेज पेशीद्रवात, मॉलिब्डेनमवाला. तो क्विनोलीन, पिरिमिडीनसारख्या कड्यांत नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतो. एनएडीपीएच नको, ऑक्सिजनचा अणू पाण्यातून येतो. झालेप्लॉन हे त्याचं ठरलेलं उदाहरण. दुसरं मोनोअमाइन ऑक्सिडेज, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर. सुमाट्रिप्टान मुख्यतः त्याच्या ए प्रकाराने जातं. तुमच्या १०,००० जी च्या फेरीत मायटोकॉन्ड्रिया खाली बसतात, त्यासोबत तेही गेलं. थोडं गोळ्यात राहिलं तर एनएडीपीएच नसलेल्या नळीतही औषध घटताना दिसेल, तेव्हा गोंधळू नका.

प्राणी निवडताना आणखी एक खोच: कुत्र्यात एनएटी नाहीच, आणि अॅल्डिहाइड ऑक्सिडेजची क्रियाही नाही. त्यामुळे कुत्र्यात सुरक्षित दिसलेलं असं औषध माणसात वेगळंच वागू शकतं.

---

अमाइनवाला_नागपूर

मॅडम, हे छानच. मैत्रिणीला आजच एस९ बाजूला ठेवायला सांगतो. एक शेवटचं: गाइड म्हणतात इंट्रिन्सिक क्लिअरन्स (एन्झाइम औषध किती वेगाने संपवतात तो आकडा) काढून दे. माझ्याकडे ५० मायक्रोमोलरवरचा २० मिनिटांचा एकच बिंदू आहे. त्यावरून काढता येईल का?

---

जुना_मायक्रोसोम

नाही. ५० मायक्रोमोलरला काही एन्झाइम भरून गेलेले असतील, आणि एका बिंदूवरून उतार निघत नाही. इमिप्रामिन १ मायक्रोमोलर घ्या, ०, ५, १०, २०, ३०, ४५ मिनिटांना नमुने काढा, उरलेल्या औषधाचा नॅचरल लॉग वेळेसमोर मांडा. समजा अर्धायु २८ मिनिटं आली. ०.६९३ भागिले २८ म्हणजे ०.०२४८ प्रति मिनिट. प्रथिन ०.५ मिग्रॅ प्रति मिलि असेल तर त्याला ०.५ ने भागा: साधारण ४९.५ मायक्रोलिटर प्रति मिनिट प्रति मिग्रॅ. एनएडीपीएच नसलेल्या नळीतली घट आधी बघा. तिथेही औषध कमी होत असेल तर ते प्लास्टिकला चिकटून राहिलंय किंवा दुसरं एन्झाइम आहे. इमिप्रामिन तेलकट बेस आहे, मायक्रोसोमच्या पडद्यालाही चिकटतं, म्हणून प्रथिन ०.२५ आणि १ मिग्रॅ वरही एकेकदा करून प्रति मिग्रॅ आकडा सारखा येतो का ते पाहा.

आणि यावेळी एनएडीपीएच मायक्रोसोमसोबत आधी टाका, सुरुवात औषध टाकून करा. ३ मिनिटं गरम करणं पुरे. त्यात वीज गेलीच तर नळ्या लगेच बर्फात काढा, बाथमध्ये ठेवून वाट बघू नका.

---

एलसीएमएस_बुटीबोरी

१ मायक्रोमोलरवर येताय तर काचेच्या किंवा लो-बाइंडिंग कुप्या घ्या, आणि थांबवायच्या अॅसिटोनायट्राइलमध्येच इंटर्नल स्टँडर्ड घालून ठेवा. ड्युटेरियमवालं इमिप्रामिन परवडत नसेल तर क्लोमिप्रामिन चालेल, ३१५ ला दिसतं, क्लोरीनच्या जोडपीकमुळे ओळखायलाही सोपं. डेसिप्रामिन घेऊ नका, ते तर तुम्ही मोजताय.